आवकायची साक्ष

गुंटूरमध्ये माणूस विडी सोडतो, दारू सोडतो, प्रसंगी घरदारही सोडतो. मिरची सोडत नाही. त्यामुळे विषाणूंवर संशोधन करणाऱ्या सुभाषिणीला आपल्या अभ्यासासाठी बाहेरच्या मोजक्यांबरोबर घरातलेही दोन स्वयंसेवक घ्यावे लागले: सासरे वीरराघवय्या, म्हणजे तिचे मामय्या, आणि सासूबाई रत्तम्मा, म्हणजे अत्तय्या. मिरचीच्या झाडाला जडणारा एक विषाणू खाणाऱ्याच्या आतड्यातून, त्याला काहीही न करता, बाहेर पडतो. तो तिथे मुक्काम करतो की पाहुण्यासारखा येऊन जातो, एवढाच तिचा प्रश्न होता. मिरची बंद ठेवायची, दर आठवड्याला शौचाचा नमुना द्यायचा आणि त्यातल्या विषाणूंचा जनुकीय क्रम वाचायचा, अशी रीत ठरली.

इतरांचे नमुने निवळले, विषाणू दिसेनासा झाला. मामय्यांचे मात्र निवळेनात. अत्तय्यांचे अजून यंत्राच्या रांगेत होते.

“काय गं अम्मायी, आमचं पोट पास की नापास?” मुगाचा डोसा, तोही बिनमिरचीचा पेसरट्टू, चघळत मामय्यांनी विचारले.

“तुम्हीच विचारताय म्हणून सांगते, मामय्या. विषाणू आहे.”

“तरीच!” रत्तम्मांनी झारा आपटला. “आवकायची बरणी खाली चाललीय, मी काय आंधळी आहे? डॉक्टरांनी पोटासाठी मिरची बंद सांगितली, मी स्वतः तुमच्यासोबत सोडली, आणि तुम्ही कैरीचं लोणचं चोरता? शब्द मोडला असेल तर यार्डात जाणं बंद. धाकट्या भावाला पाठवा.”

मामय्यांचा घास हातातच राहिला. मिरची यार्डात, म्हणजे मिरचीच्या घाऊक बाजारात, मालाची प्रत ठरवण्यात त्यांचा जन्म गेला होता. घरी बसलेल्या वीरराघवय्यांची कल्पना त्यांना स्वतःलाही करता येत नसे.

“देवाशपथ, बरणीला हात लावलेला नाही!”

शपथ हा पुरावा नव्हे, हे सुभाषिणी जाणून होती. आरोप हाही पुरावा नव्हे. तिने बरणीतला थोडा खार कुपीत घेतला आणि प्रयोगशाळा गाठली.

निकाल पाहून ती प्रथम गोंधळली. विषाणू आतड्यात ठाण मांडून बसला असता, तर दर आठवड्याला एकच कूळ दिसले असते. मामय्यांच्या नमुन्यांत मात्र प्रत्येक वेळी नवीच कुळे होती, जणू वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या शेतांची जत्राच. बरणीतले कूळ त्यात कुठेच नव्हते. इतक्या गावांची मिरची एकाच माणसाच्या पोटात जाईल अशी जागा तिला एकच ठाऊक होती.

दुपारी ती नाकाला पदर लावून यार्डात पोहोचली. लाल ढिगांमधून मामय्या राजासारखे फिरत होते. प्रत्येक पोत्यातली एक मिरची मोडायची, हुंगायची, जिभेच्या टोकाला लावायची, थुंकायची, पुढचे पोते.

“मामय्या! हे काय चाललंय?”

“काम.”

“अहो, मिरची खाताय!”

“खातोय कुठे? चाखतोय. खाणं जेवताना असतं.” त्यांच्या चेहऱ्यावर निष्पाप नवल होते.

शेजारच्या हमालाने पोते टेकवले. “मॅडम, चाखणं हेच जेवण असतं, तर आम्हाला घरून डबा कशाला आणावा लागला असता?”

सुभाषिणी यार्डाच्या मधोमध शिंका आणि हसू यांच्या कात्रीत सापडली. प्रश्नावलीत तिने ‘मिरची खाल्ली का?’ एवढेच विचारले होते. गुंटूरमध्ये राहून ही चूक करावी, याचे तिला शास्त्रज्ञ म्हणून वाईट वाटले, सून म्हणून मुळीच नाही.

परतताना ती प्रयोगशाळेत डोकावली. अत्तय्यांचे निकाल आले होते. ते तिने दोनदा वाचले.

रात्री पाने वाढली गेली, तेव्हा तिने निवाडा दिला. “मामय्यांच्या पोटात यार्डातली मिरची आहे, जिभेवरून गेलेली. बरणीतली अजिबात नाही.”

“ऐकलंस?” मामय्या ताठ झाले. “माझा शब्द!” मग त्यांच्या भुवया जवळ आल्या. “पण मग बरणी खाली कशी गेली?”

“बरणीतलं कूळ दुसऱ्या एका स्वयंसेवकाकडे सापडलंय. नाव सांगता येत नाही. नियम आहे.”

रत्तम्मांनी डोळे वर न करता वाडगा पुढे सरकवला. “जेवा आधी. दहीभात गार होतोय.”

“अगं, दहीभात गारच असतो!” मामय्या एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मग सुभाषिणी हसली, आणि शेवटी तोंडाला पदर लावून रत्तम्माही.

“सकाळी यार्डात जायचंय. डबा लवकर दे.”

“देते हो,” म्हणत त्या उठल्या आणि फडताळातून बरणी आणून पानांच्या मधोमध ठेवली. “तुम्हाला फक्त चाखायला.”

सुभाषिणीने दोन्ही नावे मनातल्या मनात अभ्यासातून वगळली आणि पहिली फोड स्वतःच्या पानात ओढली.