एका हाताचा झेल

एकोणीसशे शहाण्णव सालच्या शेवटच्या दिवशी मंगलाचं सकाळपासून कशात लक्ष नव्हतं. कावेरी गेम्स ही कंपनी म्हणजे कुंभकोणमातल्या एका कापडदुकानाच्या माडीवरच्या दोन खोल्या, दोन संगणक, ती आणि तिचा चुलतभाऊ रघूत्तम. त्यांचा कॅरमचा पहिला खेळ बरा खपला होता. आता मद्रासच्या वितरकाला संध्याकाळी सहाच्या आत फॅक्सनं कळवायचं होतं, नव्या वर्षात कोणता खेळ काढणार. एकच.

रघूत्तमला क्रिकेट काढायचं होतं आणि मंगलाला रिंग. मधे जाळी, रबरी कडं पलीकडे फेकायचं, आलं की एका हातानं झेलायचं आणि तिथूनच परत फेकायचं. त्या काळी तिकडच्या कुठल्याही मुलींच्या शाळेत जा, मधल्या सुट्टीत हाच खेळ. वेणीतल्या कनकांबराच्या फुलांचा चुरा होईपर्यंत पोरी थांबत नसत. मंगला तर जिल्ह्यापर्यंत खेळून आलेली.

"पोरींचा खेळ," रघूत्तम म्हणाला. "विकत कोण घेणार?"

"पोरी घेतील, अण्णा! क्रिकेटचे परदेशी खेळ पडलेत पुष्कळ. त्यात तुझं कोण बघतंय?"

"सरी, ठीक आहे. पाचपर्यंत चालवून दाखव. नाही जमलं तर क्रिकेट."

खेळ चालत होता, पण खेळाडू काड्यापेटीतल्या काड्यांसारखे दिसत. म्हणून पंधरा दिवसांपूर्वी ती बसनं तिरुभुवनमला जाऊन आली होती. तिथल्या विणकर सोसायटीत त्रिपुरसुंदरी नावाची बाई साड्यांच्या नक्ष्या चौकटीच्या कागदावर काढायची. एक चौकट म्हणजे एक धागा. पडद्यावर एक चौकट म्हणजे एक ठिपका. आणखी काय हवं? मंगलानं तिला खेळणाऱ्या मुली काढायला सांगितल्या होत्या.

दुपारी त्रिपुरसुंदरी कागदांची गुंडाळी घेऊन माडी चढून आली. मंगलानं कागद उलगडले. प्रत्येकावर अर्धीच मुलगी. एक डोळा, एक हात, एक पाय.

"अक्का, बाकीची कुठाय?"

"आम्ही अर्धंच काढतो," त्रिपुरसुंदरी तमिळमध्ये म्हणाली. "उरलेलं अर्धं माग उलटवून विणतो."

मंगलाला आनंदच झाला. ठिपक्यांचं निम्मं टंकन वाचलं! तिनं संगणकालाच अर्धं उलटवायला सांगितलं, आणि चारच्या सुमाराला पडद्यावर लाल दावणीतली, म्हणजे परकरावर अर्धी साडी नेसलेली, ठसठशीत मुलगी उभी राहिली. कडं आलं. मुलीनं दोन्ही हात उचलले.

रघूत्तम मागून म्हणाला, "झेलतेय की नमस्कार करतेय?"

दोन हातांनी झेल म्हणजे फाऊल. शाळेतल्या पोरी खो खो हसतील.

"पदरावरचा मोर दोन्हीकडून सारखा असतो," त्रिपुरसुंदरी ओशाळून म्हणाली. "माझ्या लक्षातच आलं नाही गं. झेलतात तरी कसं?"

मंगलानं कोपऱ्यातलं खरं कडं उचललं आणि काही न सांगता तिच्याकडे फेकलं. त्रिपुरसुंदरी जन्मात रिंग खेळली नव्हती. तरी उजवा हात वर गेला, कडं मनगटात अडकलं, आणि डावा हात आपोआप निऱ्या सावरायला कमरेशी आला.

"हलू नका! अस्संच काढा, डाव्या हातासकट!"

मग काय विचारता. त्रिपुरसुंदरीनं जमिनीवर मांडी घालून नवी मुलगी काढली, या वेळी पूर्ण. मागावरच्या माणसाला सांगावं तसं तिनं ओळीमागून ओळ म्हणायला सुरुवात केली: "तीन रिकाम्या, दोन लाल, एक काळी." मंगलाची बोटं पळत होती. साडेचारला वीज गेली. दहा मिनिटांनी आली तेव्हा शेवटच्या चार ओळी पुन्हा भराव्या लागल्या. पाच वाजले. रघूत्तमनं घड्याळ पाहिलं, पण क्रिकेटचं नाव काढलं नाही. ओळी चुकू नयेत म्हणून तोच कागदावर पट्टी धरून बसला होता.

सव्वापाचला पडद्यावरच्या मुलीनं एका हातानं कडं झेललं, दुसऱ्यानं दावणी सावरली, आणि फेकलं.

"अय्यो!" रघूत्तम म्हणाला. "जिवंतच आहे की. सरक."

तो मंगलाशी हरला. मग त्रिपुरसुंदरीशी, कळफलकाला पहिल्यांदाच हात लावणाऱ्या बाईशी, दोनदा हरला.

"ही कळ अडकते!"

"अडकत नाही. तुम्ही उशिरा दाबता," त्रिपुरसुंदरी शांतपणे म्हणाली.

पावणेसहाला त्यानं कागद मंगलापुढे सरकवला. "लिही. रिंग. शाळा उघडायच्या आधी बाजारात. आणि दोघींविरुद्ध दोघी असा सामनाही हवा, त्याशिवाय मजा नाही. तो कधी होईल? जुलै?"

त्या सामन्याला आणखी किती मुली काढाव्या लागतील, किती ओळी भराव्या लागतील, याचा मंगलानं हिशेबही केला नव्हता.

"मेमध्ये," ती म्हणाली, आणि लिहूनही टाकलं.