टोवेराचं प्रकरण

लुसुंगुची कादंबरी अकरा वर्षं सातव्या प्रकरणाच्या उंबऱ्यावर अडली होती. रुम्फी गावच्या शाळेत शिकवायचं, तीन पोरांचं करायचं, नवरा खुंबो ट्रक घेऊन महिना महिना बाहेर. त्यात लिहिणं राहून गेलं, असं ती सांगायची. खरं कारण वेगळं होतं. त्या प्रकरणात बाळ जायचं होतं.

तिचं स्वतःचं पहिलं बाळ तसंच गेलं होतं, तापाने. सासू न्यागोंद्वे त्याला दवाखान्यात नेऊ देईना. कादंबरीत लुसुंगुने नावं बदलली, गाव बदललं. सासू मात्र बदलता आली नाही. तेच तपकीर ओढणं, तेच घसा खाकरून बोलणं.

यंदाच्या सुट्टीत तिने वह्या बाहेर काढल्या. धुणं वाळत टाकलं की पानभर लिहायची. तेवढ्यात गुडघे धरले म्हणून न्यागोंद्वे मुक्कामाला आली. म्हातारीला अक्षरओळख नव्हती, एवढाच आधार. तरी लुसुंगु वह्या पिठाच्या पोत्यामागे दडवू लागली. सासूवर असं लिहिलंय हे कुळातल्या वडीलधाऱ्यांच्या कानावर गेलं तर बैठक बसली असती. तिला माहेरी धाडलं असतं आणि पोरं राहिली असती नवऱ्याच्या कुळात. अशी बैठक तिच्या मावशीवर बसलेली तिने पाहिली होती.

शनिवारी ती गिरणीवरून मक्याचं दळण घेऊन आली. कुंपणापाशीच तिला थोरल्या मुलीचा, वेझीचा आवाज ऐकू आला, वर्गात वाचतात तसा खणखणीत.

"'सासू दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, माझ्या नातवाला नेऊ देणार नाही मी.'"

डोक्यावरचं दळण दोन्ही हातांनी धरून लुसुंगु जागीच उभी राहिली.

"थांबलीस का गं?" न्यागोंद्वे म्हणाली. ती शेंगा सोलत होती.

"पुढे कोरं आहे, आजी."

"कोरं कसं? पोराचं काय झालं?" बोलता बोलता तिला सून दिसली. "वेझी, जा, पाणी भरून आण."

पोर गेली. लुसुंगुने दळण उतरवलं.

"पीठ काढायला गेली, तिला वही सापडली. मीच म्हटलं वाच," न्यागोंद्वे म्हणाली. "ही बाई मी आहे."

"नाही, आई, ती..."

"खोटं नको बोलू. तपकीर माझ्यासारखीच ओढते ती."

लुसुंगुला रडूही येईना. म्हातारीने दोन-तीन शेंगा फोडल्या, दाणे सुपात टाकले.

"हट्टी म्हणून लिहिलंयस मला. हट्टी नव्हते गं. भ्याले होते."

"कशाला?"

"खुंबोच्या आधी मला मुलगी होती. टोवेरा. ताप आला म्हणून पाठीला बांधून दिवसभर चालले. दवाखान्यात माझ्या हातातून घेतली आणि दार लावलं. परत दिली ती कापडात गुंडाळून. तुझं बाळ तापलं तेव्हा मला ते दार दिसलं. वाटलं, घरात राहिलं तर कोण हिरावून नेणार."

"हे कधी बोलला नाहीत."

"कुणाशी बोलू? खुंबोलाही माहीत नाही." तिने सूप बाजूला सारलं. "लिही आता. टोवेराचं पण लिही. आणि मला वाचून दाखव, नाहीतर काहीबाही लिहिशील."

लुसुंगुने आठ दिवसांत प्रकरण पुरं केलं, टोवेराचं नाव मात्र खरंच ठेवलं. सासूला वाचून दाखवताना दवाखान्याच्या दाराचा भाग आला तसं न्यागोंद्वेने हात वर केला, उठून घरामागे गेली, बऱ्याच वेळाने आली. "पुढे वाच," म्हणाली.

महिनाअखेरीस खुंबो घरी आला. "त्याला ऐकव," सासू म्हणाली.

"त्यांनी मला घालवलं तर?"

"मला काय भीती नाही? बस, वाच."

जेवणं झाल्यावर तिने वाचलं. खुंबो मान खाली घालून ऐकत होता. बाळ गेलं तिथे तो उठला आणि अंगणात जाऊन पाठमोरा उभा राहिला. दोघी आत बसून होत्या. न्यागोंद्वेने सुनेचा हात घट्ट धरला होता.

तो आत आला तेव्हा लुसुंगुकडे त्याने पाहिलं नाही. आईसमोर खाली बसला.

"टोवेराला कुठे पुरलंय?" त्याने विचारलं.