तुरीनीच्या वळणावरचा बर्फ

मॉन्टे कार्लोच्या मोटार रॅलीत तुरीनी घाटाचा रस्ता कोरडा दिसला, की गाड्या घसरताना बघायला गावकरी फावड्याने त्यावर बर्फ टाकत. ड्रायव्हरांना ते आवडतं का, हे कुणी विचारलं नव्हतं.

एका वर्षी गावातला ओनोरा बारेली फावडं घेऊन वळणावर उभा होता. त्याचा पुतण्या सेव्हरँ आपल्या छोट्या फ्रेंच गाडीतून पहिल्या नंबरासाठी झुंजत होता. त्याला टक्कर होती एका अमेरिकन गाडीची, आणि ती एक मिनिट पुढे होती.

"गाडी कसली, बिछान्याला चाकं लावलीत," ओनोरा म्हणाला. "या वळणात झोपेलच."

"आणि मागून सेव्हरँ येतोय त्याचं काय?" शेजारच्या लेओंसने विचारलं.

"तो इथलाच आहे रे. इथला बर्फ त्याला ओळखतो."

ओनोराने सढळ हाताने बर्फ पसरला. अमेरिकन गाडी आली, आडवी झाली, गुरगुरली आणि रुंद टायरांनी बर्फाची काच करून निघून गेली. मिनिटाभराने आलेला सेव्हरँ त्या काचेवरून थेट खड्ड्यात उतरला.

तो खिडकीतून बाहेर आला. "काका, कोरड्या रस्त्यावर हा बर्फ आला कुठून?"

ओनोराने फावडं लेओंसच्या हातात दिलं.

"अमेरिकेहून," तो म्हणाला.