दारात भरून ठेवलेलं पाणी

मित्रांनो, हॉयट आणि डेल्फाची मुलगी रोनेल जन्मली, त्याच वर्षी मी त्यांच्या घरी आलो. मी एक जुना पत्र्याचा पाण्याचा कॅन आहे. कारखान्यात माझ्यासारखे पुष्कळ होते. पण माझी कडी तुटल्यावर हॉयटने तिला स्वतः कथलाचा डाग दिला, तेव्हापासून मी चारचौघांत ओळखू येतो.

आमचं गाव फ्लॉरिडात, राखीव दलदलीच्या कडेला. आत खोलवर सायप्रसच्या झाडीत मुक्कामाची एक मोकळी जागा आहे. तिथे नळ नाही, दिवा नाही, संडासही नाही. चहूकडे पाणी, पण पिण्याजोगा एक घोट नाही. म्हणून तिथे मला मान. हिवाळ्यात सायप्रसची पानं झडली, डास कमी झाले आणि वाटेवरचं पाणी ओसरलं, की हे तिघं उंच चाकांच्या गाडीतून आत जात. निघताना डेल्फा नवऱ्याला बजावायची, "बंदूक राहिली तर राहू दे. कॅन विसरलास, तर मगरीशेजारी तू झोपायचंस."

घरात एक रीत होती. मला भरून दारात ठेवलं, की बेत पक्का. जाणं रद्द झालंच, तर ते पाणी मोरीत ओतायचं नाही, अंगणातल्या आंब्याला घालायचं. कित्येक वर्षं त्या आंब्याला माझा थेंबही मिळाला नाही.

पुढे रोनेल लग्न होऊन गेली. दोघांचे गुडघे दुखू लागले. मी गाडीखान्यात पडून राहिलो आणि कोळ्यांनी माझ्यात संसार थाटला.

रोनेलला पन्नासावं लागलं, त्या वर्षी पावसाळा संपता संपता डेल्फा इस्पितळातून घरी आली. डॉक्टरांनी हात टेकले होते, औषधं थांबली होती. तिने एकच गोष्ट मागितली, दलदलीत एक रात्र. हॉयटने मला घासलं, भरलं आणि दारात ठेवलं. मग त्याची तयारी सुरू झाली. तिच्यासाठी घडीची खाट, मच्छरदाणी, झाकणाची बादली, घेवड्याचे डबे, मक्याचा पाव. म्हातारा शीळ घालत घरभर फिरत होता.

पण त्या हिवाळ्यात पाऊस हटेना. हॉयट रोज सकाळी वाटेच्या तोंडाशी जाऊन पाणी पाहून यायचा. त्याचे बूट गुडघ्यापर्यंत भिजलेले दिसले, की वाट अजून बंद आहे हे डेल्फाला कळायचं. माझं पाणी शिळं झालं, की तो ते आंब्याला घालायचा आणि मला पुन्हा भरायचा.

नाताळात रोनेल आली. ती म्हणाली, "बाबा, हायवेलगत खडी टाकलेली जागा आहे ना. आई गाडीतून उतरली, की समोर खाट."

"आणि रात्रभर ट्रक ऐकायचे? त्यापेक्षा अंगणात तंबू ठोकतो. निदान शेजाऱ्याचा कुत्रा तरी ओळखीचा आहे."

डेल्फा हसली. हसताना तिला दुखलं.

"आणखी थोडे दिवस," हॉयट तिला म्हणाला. "पाणी उतरेल. नेईन तर आपल्याच जागी नेईन."

"बरं," ती म्हणाली.

रोनेल परत गेली. एका सकाळी हॉयट पाणी पाहायला गेला असताना डेल्फा भिंतीला धरत माझ्यापाशी आली, खुर्चीत टेकली आणि माझ्या गार पत्र्यावर तिने हात ठेवला.

"मला हायवेजवळची जागाही चालली असती रे," ती हळूच म्हणाली. "पण किती आनंदाने बांधाबांध करतोय. त्याचा बेत मोडवत नाही मला."

मित्रांनो, माझ्या पोटात काठोकाठ पाणी होतं आणि आता हे वाक्यही होतं. दोन्हींतलं एकही मला आपणहून ओतता येत नव्हतं. हॉयट आला. बूट भिजलेलेच होते. त्याने मला कडीला धरून उचललं, आंब्याला पाणी घातलं, पुन्हा भरलं. इतका जवळ होता, तरी मी नुसता डुचमळलो.

फेब्रुवारीत आंबा कधी नव्हे इतका मोहरला. हॉयटने तिची खाट खिडकीशी सरकवली. ती पुष्कळ वेळ तो मोहर पाहत राहिली.

माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना तुम्ही घासा, पुसा, आम्हाला बरं वाटेल. पण भरलेला कॅन दारात फार दिवस ठेवू नका. लांबची वाट बंद असेल, तर जवळच्या जागी जा.

डेल्फा मार्चच्या पहिल्या रविवारी सकाळी वारली. वाटेवर अजून गुडघाभर पाणी होतं. मी दारात होतो, आदल्या दिवशीच भरलेला.