बावन्नावी सही

एमेट व्हँडरस्लूटच्या वहीत बावन्न सह्या हव्या होत्या. एक्कावन्न झाल्या होत्या. फ्रॅटर्निटीत, म्हणजे एकाच घरात राहणाऱ्या कॉलेजच्या मुलांच्या मंडळात, रीतसर प्रवेश मिळण्याआधी प्रत्येक नव्या मुलाने घरातल्या प्रत्येक सभासदासोबत तासभर बसायचे, त्याच्या एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे आणि सही घ्यायची, असा तिथला नियम होता. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. एक सही जरी राहिली, तरी वर्ष वाया.

या वहीपायी आठ आठवड्यांच्या संध्याकाळी खर्ची पडल्या होत्या आणि भौतिकशास्त्राचे गुण घसरले होते. वर्गणीचा आकडा ऐकून वडील म्हणाले होते, "एवढ्यात ट्रॅक्टरचे मागचे दोन्ही टायर येतील. मित्र काय विकत मिळतात?" म्हणून एमेट त्याच घराच्या भोजनगृहात वाढपी झाला आणि वर्गणी स्वतः फेडू लागला.

उरलेली सही शेवटच्या वर्षातल्या रॉइस टिलरीची होती. त्याचा प्रश्न साधा होता : "अडचणीत सापडलास, तर कोणाला हाक मारशील?"

एमेटने नियमपुस्तिका पाठ केली होती. "आधी अध्यक्षांना. ते नसतील तर सल्लागार प्राध्यापकांना. पान नऊ."

"पान नऊ!" रॉइस खो खो हसला. "अरे, घराला आग लागली तर पानं उलटत बसशील काय? जा, खरं उत्तर घेऊन ये."

खरे उत्तर 'कोणालाच नाही' हे होते. ते सांगायची एमेटला लाज वाटली.

गुरुवारी दुपारी आईचा फोन आला. वडील कोठाराच्या शिडीवरून घसरले होते. घोटा मोडला होता. ऐंशी एकर मका उभा होता आणि रविवारी बर्फ पडणार होते. एमेटने बॅग भरली, वही घेतली आणि रॉइसच्या दारापाशी बराच वेळ उभा राहून शेवटी दार ठोठावले.

"या पान नऊ! सही हवी?"

"नको. वही परत द्यायला आलोय. घरी चाललोय." त्याने वडिलांचे सांगितले. मग म्हणाला, "कापणीयंत्र मी चालवीन, पण मका वाहून न्यायला माणूस नाही. तू येशील का?"

"मला ट्रॅक्टर येत नाही."

"शिकवीन."

रॉइसने वही ठेवून घेतली आणि जिन्यात जाऊन हाळी दिली, "जाड बूट कोणाकोणाकडे आहेत रे?"

शनिवारी सकाळी एमेटच्या घरच्या अंगणात चार गाड्या उभ्या राहिल्या आणि रॉइससह चौदा जण उतरले. शिकागोच्या एका दंतवैद्याच्या मुलाने पहिलीच खेप कोठाराबाहेर ओतली. मग निमूटपणे फावड्याने सगळी आत भरली. दिवस मावळायच्या आत शेवटची ओळ कापून झाली.

"एक वर्ष थांबेन मी," एमेट रॉइसला म्हणाला. "मुदत कालच संपली."

"वही कालच जमा झाली, पाचच्या आत. बावन्न सह्यांसकट."

"पण मी उत्तर कुठे दिलं?"

"गुरुवारी. माझ्या दारात. पुस्तिकेत न बघता."

ओसरीवर प्लॅस्टरमधला पाय स्टुलावर ठेवून वडील सकाळपासून बसले होते. आईला बटाटे आणखी उकडायला सांगून त्यांनी रॉइसला शेजारी बसवले, आणि एमेटकडे न बघताच म्हणाले, "वर्गणी मी भरतो. टायर पुढच्या वर्षी बघू."