लघवीची गोळी

तीन-तीन गोळ्या चालू असूनही घारीचं प्रेशर उतरायला तयार नव्हतं. घार हे काही तिचं खरं नाव नव्हे. बांधकामावरची उंच क्रेन चालवायची, दिवसभर आभाळात बसायची, म्हणून साइटवर सगळे तिला तेच म्हणत. लोखंडाचे भारे वरून अलगद टेकवणारी ही बाई, पण आज डॉक्टरांनी दंडाला पट्टा आवळला तशी तिची पाचावर धारण बसली.

डॉक्टरांनी दोन्ही दंडांवर मोजलं, थोडं थांबून पुन्हा मोजलं.

"उतरत नाहीये. असंच राहिलं तर मूत्रपिंडं जातील, नाहीतर एखाद्या दिवशी मेंदूत रक्तस्राव होईल. तेव्हा तुम्ही वर असलात तर?"

शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो शिंपी. बायकोच्या दुखण्यापायी त्याने घरातलं मीठ जवळजवळ हद्दपार केलं होतं. स्वतःही तेच मिळमिळीत जेवायचा आणि वर "छान झालंय" म्हणायचा. खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नाही.

"गोळ्या रोज घेतात ना?" डॉक्टरांनी त्याला विचारलं.

"म्हणजे काय! सकाळी मी स्वतः हिच्या हातावर ठेवतो. एक दिवस चुकलेला नाही. माझी गॅरंटी!"

घारीला मान वर करवेना. दोन गोळ्या ती गिळायची. तिसरी, लघवी जास्त करवणारी, गालात दाबून ठेवायची आणि फाटकाबाहेर जाऊन गटारात थुंकायची. वरच्या केबिनमध्ये पंखा होता, फोन होता, संडास तेवढा नव्हता. शिडीने उतरून परत चढेपर्यंत सगळं काम खोळंबायचं आणि मुकादम गावभर ऐकू जाईल असं ओरडायचा, "घारबाई उतरल्या हो! बसा आता हातावर हात धरून!" पुरुष ऑपरेटर बाटलीवर भागवत. तिने काय करावं? सुरुवातीला गोळी इमानदारीने घेतली, तर एकदा शिडीवरच कपडे ओले झाले. त्या दिवशी तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवऱ्यालाही ती हे बोलली नव्हती.

"मग दाखल करून घेऊ," डॉक्टर म्हणाले. "मूत्रपिंडावरच्या ग्रंथींचा स्कॅन करू. लागलं तर मांडीतून नळी घालून तपासावं लागेल. आणि चौथी गोळी आजपासून."

"करा, सगळं करा," नवऱ्याचा आवाज चिरकला. "माझं मूत्रपिंड चालत असेल तर तेही घ्या!"

त्याने खरोखरच बाह्या सरसावल्या होत्या. एरवी घारीने त्याची चांगली टर उडवली असती. आज तिच्या जिवाचं पाणी पाणी झालं.

"तिसरी गोळी मी घेत नाही," ती म्हणाली, आणि मग शिडीपासून गटारापर्यंत सगळं सांगून टाकलं.

डॉक्टर आधी भडकले. मग कपाळ चोळत म्हणाले, "अहो बाई, आधी बोलायचंत की! ती संध्याकाळी, कामावरून उतरल्यावर घ्या. पण प्रेशर खाली येईपर्यंत क्रेनवर चढायचं नाही. महिनाभर बघू, स्कॅनचं नंतर."

एवढं सोपं होतं? तिला रडू की हसू ते कळेना. नवरा मात्र तिच्याकडे बघतच नव्हता.

वाटेत तो दोन पावलं पुढेच चालत राहिला. चार शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. घरी येऊन त्याने स्वयंपाक केला, बिनमिठाचाच. मग गोळी तिच्या हातावर ठेवली, पाणी दिलं. तिने ती गिळली.

रोज लगेच पाठ फिरवणारा नवरा आज तिथेच उभा राहिला.

"तोंड उघड," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

तिने उघडलं. हरवलेली सुई शोधावी तसा तो वाकून एकेक गाल बघू लागला. तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं, पण तिने तोंड मिटलं नाही. न सांगताच जीभही उचलून दाखवली.