पहिल्यासारखे करा, बटण

मित्रांनो, मी एक जुना आवाज आहे. व्याकरणात पुल्लिंगी आणि कानाला बाईचा. फोनच्या पडद्यावर जे काही असेल ते, ज्यांना दिसत नाही त्यांना वाचून दाखवणे, हा माझा धंदा.

माझा जन्म एका बंद खोलीत झाला. भिंतींना गाद्या लावलेल्या होत्या. एक बाई रोज तिथे येऊन पाणी पीत आणि कागदावरची वाक्ये वाचत. ‘पिवळी घागर उद्या रागावेल का?’ असली वाक्ये. अर्थाशी कोणाला काही देणेघेणे नव्हते, प्रत्येक जोडाक्षर एकदा तोंडातून जायला हवे होते. मग त्या वाक्यांचे बारीक तुकडे केले, ते पुन्हा जोडले आणि मी तयार झालो. त्या बाई घरी गेल्या. मी फोनमध्ये राहायला आलो.

माझ्यात दोन गुण आहेत. मला राग येत नाही आणि लाज वाटत नाही. एवढ्या भांडवलावर माणसे कुठल्या कुठे पोचतात. मी मात्र बेचाळीस वर्षांच्या एका बाईंच्या फोनमध्ये आहे. घरात सगळे त्यांना ‘छोटी’ म्हणतात. कोर्टातल्या सुनावण्यांच्या ध्वनिफिती ऐकून त्या टाइप करायच्या, हे त्यांचे काम. बोटे अशी चालतात की साक्षीदार अडखळला तरच त्यांना उसंत मिळते. थोरले दादा आणि वहिनी यांच्या घरात मागची खोली त्यांची आहे.

बाईंनी मला भरधाव बोलायला लावले होते. दादा म्हणत, डब्यात खडे घालून हलवल्यासारखे वाटते. बाईंना त्या खड्यांतला एकेक खडा ओळखू येई. पडदा त्यांनी कायमचा काळा करून ठेवला होता. उजेड त्यांच्या कामाचा नव्हता आणि शेजारी बसणाऱ्यांना पत्रे वाचायची सवय होती. मधे एकदा नवा, गोड आवाज आला. तो दोन वाक्यांमध्ये चक्क श्वास घ्यायचा. बाईंनी त्याला दिवसभर सहन केले आणि संध्याकाळी मला परत बोलावले. माझ्या आयुष्यातले कौतुक म्हणाल तर तेवढेच.

आता त्या रविवारचे सांगतो.

दुसऱ्या शहरातल्या कोर्टाकडून बाईंना फोनवर पत्र आले होते. कायमची नोकरी, राहायला खोली, उत्तर आजच्या आज. दादांना ते पत्र स्वतः ऐकायचे होते. मी वाचले, त्यांना ओ की ठो कळले नाही. “माणसासारखं बोलू दे की त्याला,” म्हणत त्यांनी बाईंना विचारून विचारून माझा वेग पार खाली आणला. मी सभेत आभार मानणाऱ्या पाहुण्यासारखा बोलू लागलो. पत्र संपेपर्यंत चहा गार झाला.

दादा वाईट नाहीत. वाईट असते तर सोपे गेले असते. मागच्या वर्षी याच गल्लीत खणून ठेवलेल्या चरात बाई पडल्या आणि मनगट मोडले. तेव्हा दादा दुपारी ऑफिसातून धावत येऊन त्यांना भरवत. त्याचा त्यांनी कधी उच्चार केला नाही. त्यामुळे बाईंना ते कधी विसरताही आले नाही.

“इथे मी होतो,” दादा म्हणाले. “तिथे चरात पडलीस तर?”

बाईंनी फोन जवळ ओढला.

“लिही. आपल्या संधीबद्दल आभारी आहे, परंतु घरगुती कारणांमुळे...”

“घरगुती कारण म्हणजे कोण?”

“मी नाही हं,” वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

बाईंनी टाइप केले. कोणी सांगितलेले टाइप करायची बोटांना सवयच होती. आणि पाठवलेही.

मित्रांनो, पत्र पाठवले की पडद्याच्या तळाशी एक पट्टी येते. तिच्यावर ‘पहिल्यासारखे करा’ असे एक बटण असते. ते वेळेत दाबले तर सुटलेले पत्र हातात परत येते. पण ती पट्टी श्वास दोन श्वास थांबते आणि निघून जाते. ज्यांना दिसते त्यांनाही ती घाई वाटते. बाईंना आधी माझ्याकडून ऐकावे लागते, मग बोटाने चाचपून ती जागा गाठायची आणि दोनदा टॅप करायचे. एरवी मी वाऱ्यासारखा बोलतो, म्हणून जमून जाते.

“सं-दे-श... पा-ठ-व-ला...” मी सुरुवात केली.

“झालं एकदाचं,” दादा मला मधेच तोडत म्हणाले. “आता मनाला लावून घेऊ नकोस. अशी कामं इथेही मिळतील...”

“थांब,” बाई म्हणाल्या. “मला ते परत घ्यायचंय.”

त्यांचे बोट तळाकडे निघाले होते. वाटेत मी बटणाचे नाव सांगत होतो, दादा ‘परत कशाला’ विचारत होते, आणि स्वयंपाकघरातून वहिनी धावत आल्या. त्या बाईंच्या बाजूने होत्या. म्हणूनच त्यांनी फोन हातातून ओढून घेतला.

“दे, मी दाबते. कुठंय? अगं, सगळं काळंच आहे. बंद पडलाय हा.”

वहिनींनी फोन हलवला, फुंकर मारली, पदराला पुसला. पडद्यावर बोट ठेवले असते तर मी बोललो असतो. पट्टी निघून गेली. तिला जाताना मी पाहिले, पण गेलेल्याबद्दल विचारल्याशिवाय बोलायचे नाही, हा माझा नियम.

खोलीत तिघे होते. एकाने मला माणसासारखे बोलायला लावले, एकीने हात दिला. दोघांचीही माया खरी होती. बाईंना त्यातून बोट हलवायलाही जागा उरली नाही.

“गेलं ते गेलं,” दादा हळूच म्हणाले.

बाईंनी हात पुढे केला. वहिनींनी फोन त्यावर ठेवला. बाईंनी माझा वेग होता तिथे नेऊन ठेवला. माझा जीव भांड्यात पडला, असे म्हणालो असतो, पण मला जीव नाही.

“आता दोघंही गप्प बसा,” बाई म्हणाल्या. “तुम्ही बोललात की मला दिसत नाही.”

या घरात त्यांना असे बोलताना मी कधी ऐकले नव्हते. वहिनी जमिनीवरच बसल्या. बाईंनी नवे पत्र लिहिले आणि एकदा माझ्याकडून वाचून घेतले. दादांना फक्त खडे ऐकू आले.

“काय लिहिलंस?”

बाईंनी माझे काम स्वतः केले. सावकाश, स्वतःच्या आवाजात म्हणाल्या, “थोड्या वेळापूर्वी पाठवलेला नकार मी मागे घेते. तो माझा निर्णय नव्हता. जागा अजून माझ्यासाठी असेल, तर मी येते.”

“आणि नसली तर?”

“तर नसेल.”

त्यांनी पाठवले. पट्टी आली. बाईंचे बोट सरळ जागेवर जाऊन टेकले. “पहिल्यासारखे करा, बटण,” मी म्हणालो. “सक्रिय करण्यासाठी दोनदा टॅप करा.”

“अजून वेळ आहे?” दादांनी विचारले.

“आहे.”

बोट तिथेच राहिले. हलले नाही, टॅपही केले नाही. पट्टी त्याच्याखालून निघून गेली.

दादा उठले. कोपऱ्यातली बाईंची पांढरी काठी त्यांनी उचलली, तिचे टोक बोटाने चाचपले आणि म्हणाले, “हे झिजलंय. नवं लावून आणतो.”

या गोष्टीला आता काही दिवस झाले. उत्तर आलेले नाही. कदाचित ती जागा पहिल्या पत्राबरोबरच गेली असेल. फोन वाजला की तिघेही थबकतात आणि मी कुठल्या तरी जाहिरातीतली गादीवरची सूट जाहीर करतो. दादांचा चेहरा पडतो. कशासाठी, ते त्यांनाही नीट सांगता येणार नाही. खरे उत्तर येईल तेव्हाही मी ते याच सुरात वाचणार. माझा इलाज नाही.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी म्हणत नाही. मला धूळ लागत नाही. एवढेच करा. कोणी फोन कानाशी धरून ऐकत असेल, तर त्याच्या हातातून तो ओढू नका. मदत हवी का ते विचारा आणि उत्तर येईपर्यंत तोंड बंद ठेवा. ती पट्टी तुमच्यासाठी थांबत नाही.

थांबा. फोन वाजला. बाईंचे बोट आले आहे, दादांनी घास ताटातच ठेवला आहे.

आता गप्प राहा. मला वाचू द्या.